हळद पेशीपर्यंत पोहोचते का?

फेब्रुवारी-मार्चात वसमतकडे हळदीच्या शिजवणीला सुरुवात झाली की शिवारातून नुसतं गेलं तरी कपड्यांना वास धरतो. काढणीत कुणाला विळा लागला, तर दवाखान्याच्या आधी जखमेवर हळद दाबली जाते. त्या चिमटीतला कर्क्युमिन हा पिवळा घटक पेशींशी नेमकं काय करतो?

जखमेत जंतू शिरले की मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी, त्यांना गिळतात आणि मदतीसाठी हाकाही घालतात. या हाका म्हणजे टीएनएफ, इंटरल्युकिन-6 अशी प्रथिनं. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, सुजते, ठणकते. हाच दाह. तो हवाच, पण संधिवातासारखा विझायचंच विसरला, की आजार.

हाका सुरू करणारं प्रथिन म्हणजे एनएफ-कप्पा-बी. एरवी ते पेशीत दावणीला बांधलेल्या बैलासारखं असतं. धोक्याचा निरोप आला की पेशी स्वतःच दावं तोडते, बैल थेट केंद्रकात घुसतो आणि दाहाची जनुकं चालू करतो. कर्क्युमिन हे दावं तुटू देत नाही, असं 1995 मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलं. तेव्हापासून हळदीच्या कॅप्सूलवाल्यांची चांदी आहे.

खरी अडचण पुढेच आहे. प्रयोगात कर्क्युमिन थेट पेशींवर ओततात. आपण ते गिळतो. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं आणि जे उतरतं त्याचा यकृत लगेच निकाल लावतं. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं (भाजीत घालायचं तर ही साठ-सत्तर ग्रॅम हळद झाली!), तरी रक्तात जेमतेम सापडलं. सोबत मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर मात्र प्रमाण सुमारे 20 पट वाढलं. पिपरीन यकृताचा हा हात रोखून धरतं, पण तो इतर औषधांच्या बाबतीतही रोखला जातो. रोजच्या गोळ्या चालू असतील तर अशा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

न शोषलेलं कर्क्युमिन आतड्यातच राहतं, आणि आतड्याच्या अस्तराला तर ते थेट भिडतं. म्हणून मला अल्सरेटिव्ह कोलायटिसवरचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दाहाने व्रण पडतात त्या आजारावरचं, काम जास्त आशादायक वाटतं. 2015 च्या एका चाचणीत 50 रुग्ण होते. नेहमीच्या औषधासोबत रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचा आजार महिन्याभरात शमला; त्याच औषधासोबत बनावट गोळी मिळालेल्यांत एकाचाही नाही.