बारोलो

इटलीच्या वायव्येकडील पीडमाँट प्रदेशात, आल्बा शहराच्या नैऋत्येला पसरलेल्या लांगे टेकड्यांवर होणारी लाल वाइन. ती केवळ नेब्ब्योलो या वाणाच्या द्राक्षांपासून करतात. बारोलो, ला मोर्रा, सेर्रालुंगा दाल्बा यांसह 11 गावे तिच्या क्षेत्रात मोडतात. इटलीच्या 20 प्रदेशांपैकी प्रत्येकात वाइन होते आणि स्थानिक वाण शेकड्यांनी आहेत. तरीही मातीचा फरक चवीत कसा उतरतो हे शिकायचे असेल, तर बारोलोइतकी खरी शिकवणी क्वचितच मिळते.

नेब्ब्योलोला पालवी लवकर फुटते, पण घड उशिरा पिकतात. तोडणी बहुधा ऑक्टोबरात होते. थंडी आणि गारांचा धोका एवढा काळ सोसायचा असल्याने दक्षिणेकडे तोंड असलेले उतार या वाणासाठी राखले जातात. पश्चिमेकडील ला मोर्रा व बारोलो गावांची चुनखडीयुक्त माती तुलनेने नवी. तिथली वाइन सुगंधी आणि लवकर पिण्याजोगी होते. पूर्वेकडील सेर्रालुंगा व मोंफोर्ते येथील जमीन अधिक जुनी व घट्ट. तिथली वाइन करारी असते आणि तिला अनेक वर्षे मुरू द्यावे लागते.

बारोलोला 1980 मध्ये डी.ओ.सी.जी. हा इटलीतील सर्वोच्च दर्जा मिळाला. नियमानुसार ती किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात. ‘रिझेर्वा’ या जास्त मुरवलेल्या प्रकारासाठी ही मुदत 62 महिन्यांची आहे. 1980 नंतर काही तरुण उत्पादकांनी मोठी जुनी पिंपे सोडून लहान फ्रेंच ओक पिंपे आणली. त्यावरून गावागावांत, घराघरांत वाद झाले. लाकडाचा वास द्राक्षावर चढू लागला तर गावाची ओळख पुसली जाते, हा जुन्यांचा आक्षेप रास्तच होता.

चाखताना ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा. रंग फिका दिसतो आणि कडेला विटकरी छटा असते. त्यावरून वाइन हलकी समजू नये. आधी ग्लास न हलवता वास घ्यावा, मग हलवून. गुलाब, चेरी आणि डांबर ही बारोलोची ओळख. वय वाढले की चामडे व अळंबीचा वास येतो. घोट तोंडात फिरवल्यावर गालांच्या आत पाणी सुटते ते आंबटपणामुळे. हिरड्या कोरड्या पडतात, फार उकळलेल्या कोऱ्या चहासारख्या, ते टॅनिन या द्राक्षाच्या साली-बियांतील तुरट द्रव्यामुळे. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळखता येणे हा आस्वादाचा पाया आहे. चाखून थुंकणे इथे शिष्टसंमत मानले जाते. अनेक वाइन एका बैठकीत पारखायच्या तर दुसरा मार्ग नाही. हा तुरटपणा मांसाहारी जेवणासोबत बराच मवाळ लागतो. बारोलोतच मंद आचेवर शिजवलेले गोमांस हा तिथला प्रसिद्ध पदार्थ आहे.

बारोलोच्या ग्लासाशेजारी बार्बारेस्को ही लांगेतीलच दुसरी लाल वाइन ठेवून पाहावी. वाण तोच, अंतर थोडे, मुरवण्याची मुदत 26 महिने. बहुधा अधिक नाजूक. त्यानंतर मध्य इटलीतील तस्कनीची क्यांती क्लासिको घ्यावी, जिच्यात किमान 80 टक्के सांजोव्हेझे वाणाची द्राक्षे असतात, आणि मग सिसिलीतील एटना ज्वालामुखीच्या उतारांवरील नेरेल्लो मास्कालेझे या वाणाची वाइन. दहा अनोळखी बाटल्यांपेक्षा अशी जोडीने केलेली तुलना जास्त शिकवते. सांजोव्हेझे सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळही लावलेली आहे. तिथे पावसाळा सरल्यावर छाटणी होते, घड हिवाळ्यात भरतात आणि तोडणी उन्हाळा तापण्याआधी उरकते.