बँड गॅप नेमका कोणता? पाण्यातून हायड्रोजन आणि संगणकावरचं गणित

जळगाव-धुळ्याकडच्या ज्या मुलांनी एम.एस्सी.ला डीएफटीचा (पदार्थातल्या इलेक्ट्रॉन्सची ऊर्जा संगणकावर काढायची पद्धत) प्रकल्प घेतलाय, त्यांचा पहिला फोन बहुधा याचसाठी येतो: ‘सर, टायटॅनियाचा गॅप दोनच्या आसपास येतोय, पुस्तकात तर ३.२ आहे. काय चुकलं?’ काहीच चुकलेलं नसतं. टायटॅनिया म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. बँड गॅप म्हणजे इलेक्ट्रॉन्सनी भरलेल्या पातळ्या (व्हॅलन्स बँड) आणि वरच्या रिकाम्या पातळ्या (कंडक्शन बँड) यांच्यातलं ऊर्जेचं अंतर, इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मोजलेलं. हा गोंधळ त्या मुलांपेक्षा वयाने मोठा आहे.

सुरुवात सगळ्यांना माहीत आहे. १९७२ मध्ये जपानी संशोधकांनी टायटॅनियाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं. पण गॅप मोठा असल्याने टायटॅनियाला लागतात अतिनील किरण, आणि आपल्याकडच्या भर मे महिन्यातल्या उन्हातही ते जेमतेम पाच टक्के. म्हणून गॅप कमी करायची धडपड सुरू झाली. २००१ साली नायट्रोजन घातलेला टायटॅनिया दृश्य प्रकाशात काम करतो, असं प्रसिद्ध झालं. सोबत गणितही होतं: नायट्रोजनच्या पातळ्या ऑक्सिजनच्या पातळ्यांत मिसळतात आणि गॅप अरुंद होतो. नंतर इतरांनी मोठे सुपरसेल (गणितासाठी स्फटिकाचा घेतलेला मोठा तुकडा) घेतले, तर गॅप जवळपास तेवढाच राहिला. फक्त व्हॅलन्स बँडच्या थोडी वर एक सुटी पातळी आली. अनाटेज या टायटॅनियाच्या प्रकारात १२ अणूंच्या सेलमध्ये ऑक्सिजन आठच. त्यातला एक बदलला की नायट्रोजन साडेबारा टक्के होतो. ४८ अणूंच्या सेलमध्ये तोच एक अणू तीन टक्क्यांवर येतो. वादाचं अर्धं मूळ या साध्या भागाकारात आहे.

उरलेलं अर्धं ‘गॅप’ या शब्दात. डीएफटीची १९६५ची समीकरणं ग्राउंड स्टेटसाठी, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीसाठी, लिहिलेली. त्यातल्या पातळ्यांमधलं अंतर म्हणजे प्रयोगात मोजलेला गॅप नव्हे. तरी वर्षानुवर्षं तेच अंतर गॅप म्हणून छापलं गेलं आणि कमी पडलं की ‘सिझर’ लावून कंडक्शन बँड अख्खा वर सरकवला गेला. माझा आक्षेप इथेच आहे. पाण्याच्या विघटनासाठी किमान १.२३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात हे खरं, पण शिवाय कंडक्शन बँडची कडा पाण्यातून हायड्रोजन सुटण्याच्या पातळीच्या वर आणि व्हॅलन्स बँडची कडा ऑक्सिजन सुटण्याच्या पातळीखाली असावी लागते. हेमॅटाइट या लोखंडाच्या ऑक्साइडचा गॅप सुमारे २.१, उन्हाला अगदी जुळणारा. पण त्याच्या कंडक्शन बँडची कडा हायड्रोजनसाठी खाली पडते, म्हणून बाहेरून व्होल्टेज द्यावं लागतं. कमी पडलेला गॅप एकाच कडेला चिकटवला, तर न चालणारा पदार्थही कागदावर हायड्रोजन देऊ लागतो. दुरुस्ती दोन्ही कडांत विभागली जायला हवी, आणि किती-किती हे पदार्थागणिक बदलतं.

एचएसई ही डीएफटीचीच जास्त अचूक, पण जड अशी हायब्रिड पद्धत २००३ मध्ये आली आणि गॅप बराच सुधारला. किंमत वेळेची. पीबीई या साध्या डीएफटी पद्धतीने दुपारी टाकलेला जॉब संध्याकाळी कन्व्हर्ज होतो, म्हणजे स्थिर उत्तरावर येतो. तोच एचएसईने टाकला की दिवस मोजावे लागतात. भुसावळच्या एका मुलीचा असा जॉब गेल्या मे महिन्यात तिसऱ्या दिवशी, वीज जाऊन यूपीएसही बसल्यावर थांबला. रिस्टार्ट फाइल होती म्हणून निभावलं.

२००९ मध्ये २.७ गॅपचा कार्बन नायट्राइड आला. तो धातूविना चालतो, म्हणून आता आपल्याकडेही बरेच जण त्याच्याकडे वळतात. २०२३च्या हरित हायड्रोजन अभियानानंतर चौकशी वाढली, पण त्यातला मुख्य रस्ता सौर-पवन विजेवर इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडणारं यंत्र) चालवण्याचा आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३पासून आहे. तिथे ऊन आधी विजेत बदलतं. पाण्यात बुडवलेल्या अर्धवाहकाने थेट हायड्रोजन देणं ही वेगळी गोष्ट. भुसावळच्या त्या मुलीने आता पीबीईचा आणि एचएसईचा गॅप दोन वेगळ्या रकान्यांत लिहिलाय, आणि दोन्ही कडा तिसऱ्या-चौथ्यात.