शोध लावणं वेगळं, शोध रुजवणं वेगळं

ऑफिसात मी एकदा एक शीट बनवली होती. कुठलं काम कोणाकडे आहे, कुठे अडकलंय, कोणाच्या उत्तरासाठी थांबलंय हे सगळं एका जागी दिसेल अशी, फॉर्म्युले लावून, रंग देऊन, तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून केलेली. मीटिंगमध्ये दाखवली तेव्हा सगळ्यांना आवडली, मनापासून आवडली, बॉस म्हणाले "याला म्हणतात इनोव्हेशन", आणि मी ते खरं धरून चाललो. दोन महिन्यांनी उघडून बघितलं तर शेवटच्या सगळ्या एंट्र्या माझ्याच होत्या, बाकी सगळे परत मेसेज करून "ते झालं का" असंच एकमेकांना विचारत होते.

लोकांचा राग आला होता तेव्हा. पण नंतर या विषयावर जे जे वाचलं, त्यातून लक्षात आलं की गडबड त्या शब्दातच होती. मी जे केलं ते फार तर इन्व्हेन्शन होतं. इनोव्हेशन अजून सुरूच झालं नव्हतं. आणि हे दोन शब्द आपण इतके सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो की त्यात माणसांचं, टीमचं, कधीकधी अख्ख्या कंपनीचं नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मराठीतला घोळ. आपल्याकडे "शोध" हा शब्द सगळ्याला पुरतो. गुरुत्वाकर्षणाचा शोध लागतो, म्हणजे ते होतंच, आपल्याला सापडलं. टेलिफोनचा शोध लावला जातो, म्हणजे नव्हता, कोणीतरी बनवला. लागणं आणि लावणं, एवढ्या छोट्या फरकावर आपली भाषा डिस्कव्हरी आणि इन्व्हेन्शन वेगळं करते आणि ते छानच आहे. पण इनोव्हेशनला आपण "नवकल्पना" म्हणायला लागलो आणि तिथे फसलो, कारण त्या शब्दात सगळा भर कल्पनेवर आला. इनोव्हेशनमध्ये कल्पना हा सगळ्यात छोटा भाग असतो. मला विचाराल तर "रुजवणं" हा शब्द जास्त जवळचा आहे, त्यात माती पण येते, पाणी पण येतं आणि वेळ पण.

मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवलीये. इन्व्हेन्शन पूर्ण झालं की नाही हे बनवणारा सांगू शकतो, वस्तू चालली, सिद्ध झालं, संपलं. इनोव्हेशन झालं की नाही हे बनवणाऱ्याला सांगताच येत नाही, ते फक्त वापरणाऱ्यांच्या सवयीत दिसतं.

झेरॉक्सचंच बघा. चेस्टर कार्लसन हा न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा, कागदांच्या प्रती काढून काढून वैतागलेला, म्हणून कोरडी कॉपी काढायची पद्धत शोधत बसला. २२ ऑक्टोबर १९३८ ला त्याला आणि त्याच्या मदतनीसाला पहिली कॉपी निघाली, काचेवर शाईने लिहिलेली तारीख आणि ॲस्टोरिया हे जागेचं नाव, एवढंच. इन्व्हेन्शन त्या दिवशी झालं. पण ऑफिसांमध्ये सरसकट वापरलं जाणारं मशिन, झेरॉक्स ९१४, बाजारात आलं १९५९ मध्ये. मधली २१ वर्षं काय चाललं होतं, तर आधी मोठमोठ्या कंपन्यांची नकारघंटा, मग एका संशोधन संस्थेची मदत, मग हॅलॉइड नावाच्या एका छोट्या कंपनीने केलेली धडपड, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भाड्याची युक्ती. मशिन जवळपास ३०० किलोचं आणि महागडं, विकत कोण घेणार, म्हणून महिन्याला ९५ डॉलर भाडं आणि त्यात पहिल्या २००० कॉपी, अशी योजना काढली. या भाड्याच्या युक्तीत विज्ञान काहीच नाही, पण माझ्या मते इनोव्हेशनचा मोठा हिस्सा तिथेच आहे. आज आपण "झेरॉक्स काढून आण" म्हणतो तेव्हा ते कंपनीचं नाव आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. रुजणं म्हणतात ते हे.

उलटं उदाहरण कोडॅकचं, म्हणजे कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कंपनीचं, ते बहुतेकांना माहीत असेल म्हणून पटकन सांगतो. १९७५ मध्ये त्यांच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला, साडेतीन किलोच्या वर वजन, ०.०१ मेगापिक्सेल, एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद. शोध घरातच लावलेला. आणि २०१२ च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक हे सांगताना कोडॅकवाल्यांना मूर्ख ठरवतात ते मला पटत नाही, ज्या फिल्मवर हजारो लोकांचे पगार निघत होते तिला स्वतःच्या हाताने मागे सारणं कोणालाही जड गेलं असतं. शोध लावायला एक हुशार माणूस पुरला, रुजवायला मात्र सगळ्या कंपनीला स्वतःची सवय मोडावी लागणार होती.

आणि मग असंही असतं की शोध जवळजवळ काहीच नाही पण इनोव्हेशन प्रचंड. शुंपेटर हा अर्थशास्त्रज्ञ १९३० च्या दशकातच सांगून गेलाय की इन्व्हेन्शनशिवाय इनोव्हेशन होऊ शकतं. शिपिंग कंटेनर घ्या. लोखंडी पेटीत माल भरणं यात नवीन काय आहे, पेट्या आधीपासून होत्याच. माल्कम मॅकलीन हा ट्रकवाला माणूस, त्याने बंदरात बघितलं की एकेक पोतं, एकेक खोकं हाताने उतरवून परत चढवतायत, जहाज त्यासाठी दिवसेंदिवस अडकून पडतंय. त्याने विचार केला की ट्रकची पेटीच उचलून जहाजावर ठेवली तर? २६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलरच्या वर खर्च यायचा, त्या जहाजावर तो १६ सेंटपेक्षा कमी आला. पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे, कारण पेटी एकट्याची असून उपयोग नाही, ती प्रत्येक बंदरातल्या क्रेनला, प्रत्येक रेल्वेला, प्रत्येक ट्रकला बसली पाहिजे, म्हणजे सगळ्या जगाने एकच माप मान्य करायला हवं. तेव्हा पेटीचे कोपरे पकडायचं जे पेटंट त्याच्या कंपनीकडे होतं ते मॅकलीनने सगळ्यांसाठी मोकळं केलं. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. शोध लावणाऱ्याला आपली वस्तू आपल्या नावाने जपावीशी वाटते, त्यात चूक काही नाही, पण रुजवायचं असेल तर कधीकधी ती हातातून सोडावी लागते.

आता ज्या उदाहरणाने मला हा फरक नीट कळला ते सांगतो, ओआरएसचं, म्हणजे जुलाब झाले की देतात ते मीठ-साखरेचं पाणी. यात तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या माणसांकडून झाल्यात म्हणून फरक स्वच्छ दिसतो. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने मांडलं की आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात. हा शोध "लागला". १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलराच्या रुग्णांवर दाखवून दिलं की ठरावीक प्रमाणातलं पाणी तोंडाने दिलं तर शिरेतून द्यायचं सलाईन खूपच कमी लागतं. हा उपाय शोधून "काढला". पण मोठमोठ्या डॉक्टरांचा विश्वास सलाईनवरच होता, आणि सलाईनला बाटल्या लागतात, सुया लागतात, शिकलेली माणसं लागतात.

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगाव इथे निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, माणसं जमिनीवर पडलेली, आणि सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटं करवून घेतली, ते ड्रममध्ये पाण्यात कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले, म्हणजे डॉक्टर नर्स पुरत नाहीत तर आई भाऊ बहीण पाजतील. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. यात महालनबीसांनी नवीन काय शोधलं असं कोणी विचारलं तर रसायन म्हणून काहीच नाही. पण पेला कोणाच्या हातात द्यायचा हे त्यांनी बदललं.

आणि तरीही काम संपलं नव्हतं. पुढे १९८० च्या दशकात बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या महिला कार्यकर्त्या गावोगाव, घरोघर गेल्या, एक कोटीहून जास्त घरांत, आणि आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मापाचं पाणी एकत्र करायला समोर बसवून शिकवलं. भाषण देऊन परत नाही आल्या, आईने स्वतःच्या हाताने करून दाखवायचं. काही दिवसांनी दुसरंच कोणीतरी जाऊन तपासायचं की आईला किती आठवतंय आणि तिचं पाणी बरोबर बनतंय का, आणि त्यावर कार्यकर्तीचा पगार ठरायचा. म्हणजे पगार "किती घरी गेलीस" यावर नाही, तर समोरच्याला किती जमलं यावर! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून होतो, कारण आपल्याकडे ट्रेनिंग झालं की हजेरीपट मोजतात आणि विषय संपतो.

त्यातही पुढे असं दिसलं की आयांना पाणी करता येतंय पण मूल आजारी पडल्यावर त्या ते वापरत नाहीयेत. चौकशी केली तर कळलं की काही कार्यकर्त्यांचाच त्यावर भरवसा नव्हता. मग त्यांना आधी समजावलं की हे काम कसं करतं, आणि घरातल्या पुरुषांशीही बोलायला सुरुवात केली, तेव्हा वापर वाढला.

आपण म्हणतो ना, कळतं पण वळत नाही, तो हाच प्रकार. इन्व्हेन्शन कळण्याच्या बाजूचं, इनोव्हेशन वळण्याच्या बाजूचं. स्वतःच्या सुधारणेचंही तसंच आहे. लवकर उठायची, वाचायची, न चिडता ऐकून घ्यायची नवीन पद्धत सापडली की आपल्याला वाटतं आपण बदललो, त्या रात्रीचा उत्साह खरा असतो, पण ते आपल्यापुरतं इन्व्हेन्शन असतं. ती गोष्ट थकलेल्या, कटकटीच्या, पाहुणे आलेल्या दिवशीही आपोआप व्हायला लागली की मग बदल झाला म्हणायचं.

आणि टीम चालवणाऱ्यांनी हा फरक ओळखणं तर फारच गरजेचं आहे कारण दोन्हीला लागणारी माणसं वेगळी असतात. शोध लावणाऱ्याला एकांत लागतो, नियम मोडायची मुभा लागते, दहातले नऊ प्रयोग फसले तरी कोणी हिशोब मागू नये असं वातावरण लागतं. रुजवणाऱ्याला माणसांत मिसळावं लागतं, तेच तेच पन्नास वेळा न कंटाळता समजावावं लागतं, फॉर्ममधला एक नकोसा रकाना काढून टाकण्यासाठी चार जणांची परवानगी आणावी लागते. पहिल्याला बक्षीस मिळतं, फोटो निघतो. दुसऱ्याच्या कामाला नावच नसतं, "फॉलोअप घेतो तो" एवढीच ओळख. लीडरने आयडिया मागवायची पेटी ठेवली आणि त्या दुसऱ्या माणसाला वेळ दिला नाही, तर पेटी भरत राहते आणि काम जुन्याच पद्धतीने चालत राहतं.

सध्या एआयचं जे चाललंय त्यात हे रोज दिसतं. डेमो बघून सगळे थक्क होतात, लायसन्स घेतली जातात, "आम्ही एआय आणलं" अशी घोषणा होते. पण तीन महिन्यांनी कुठली मीटिंग बंद झाली, कुठला रिपोर्ट लिहायचं थांबलं, कोणाचं काम लवकर आटपून ती वेळेवर घरी जायला लागली, हे विचारलं की उत्तर येत नाही. डेमोवर विश्वास ठेवू नका असं मी म्हणत नाहीये, डेमो खरा असतो. फक्त तो पहिल्या बाजूचा पुरावा आहे, दुसऱ्या बाजूचा नाही.

माझ्या शीटचं पुढे काय झालं ते सांगतो. मी एक एक करून सगळ्यांच्या शेजारी जाऊन बसलो, काही न शिकवता, नुसतं बघायला. आमच्यातली एक सहकारी दिवसभर फोनवरूनच काम करते आणि फोनवर माझी ती चौदा कॉलमची रंगीत शीट तिला धड दिसतच नव्हती, हे मला एवढ्या दिवसांत माहीत नव्हतं. चौदाचे चार कॉलम केले, फॉर्म्युले बहुतेक काढून टाकले, ज्यांचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता तेही. आठवडाभर रोज सकाळी मीच प्रत्येकाला विचारून त्यांच्यासमोर भरायचो, मग हळूहळू विचारायची गरज कमी होत गेली. गेल्या महिन्यात उघडली तर त्यात पाचवा कॉलम दिसला, "कोणाला फोन करायचा" असा, त्या सहकारीने टाकलेला, मला न विचारता, आणि बाकीच्यांनी तो भरलाही होता.