पहिला लघुप्रबंध: बडोद्यातल्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी संशोधन घ्यायचे तर आधी गुण बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा जास्त लागतात. मग मुख्य विषयात 12 क्रेडिटचा लघुप्रबंध, म्हणजेच डिझर्टेशन करायचा. गुण कमी पडले म्हणून चौथे वर्ष हातचे जात नाही. प्रबंधाऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे तीन पेपर घेऊन ऑनर्स होता येते. एम.ए.ला लघुप्रबंध सक्तीचा की ऐच्छिक, हे विभागाच्या अभ्यासक्रमात पाहावे.

खरा अर्ज म्हणजे रूपरेषा, म्हणजेच सिनॉप्सिस. विषय, संशोधनाचा प्रश्न, आधी झालेले काम, पद्धत, प्रकरणे, वेळापत्रक, संदर्भ एवढे तीन-चार पानांत बसवायचे. बहुतेकांचे घोडे विषयातच अडते. ‘बडोद्यातील मराठी समाज’ हा लघुप्रबंधाचा विषय नाही, त्यात आयुष्य जाईल. ‘दांडिया बाजार परिसरातल्या मराठी घरांत नातवंडे आजी-आजोबांशी कोणत्या भाषेत बोलतात’ हा विषय मात्र वीस-पंचवीस घरांत आटोपतो, आणि ती घरे स्कूटरवरून गाठता येतात. साधने हाताशी नसतील तर विषय कितीही भारदस्त असो, सोडून द्या. संस्कृतवाल्यांनी 1927 साली स्थापन झालेल्या प्राच्यविद्या मंदिरातली हस्तलिखिते धरायची ठरवली, तर ती पाहायला मिळतील का, हे रूपरेषा देण्याआधी विचारून घ्यावे. आधी झालेले काम विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात शोधा. शोधगंगावरचे जाडजूड प्रबंध पीएच.डी.चे असतात, त्यांची जाडी बघून धास्तावू नका.

भाषेचेही आधीच ठरवा. सयाजीराव विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी. मुलाखती मराठीत आणि लिखाण इंग्रजीत असे झाले, तर मूळ मराठी उतारे परिशिष्टात द्या.

रूपरेषेबरोबर सहसा गुणपत्रिका आणि गाइडचे, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांचे संमतीपत्र लागते. शाळा, दवाखाना किंवा बँकेतून माहिती घ्यायची असेल तर विभागाचे पत्र नेऊन त्या संस्थेची लेखी परवानगी आणा. मुलाखत देणाऱ्यांची संमती घ्या. अठरा वर्षांखालील मुले असतील तर पालकांचीही. हे सगळे माहिती गोळा करण्याआधी. नंतर मागच्या तारखेच्या सह्या घेत फिरणे हा निव्वळ खोटेपणा आहे.

सादर करताना स्वतःचे प्रतिज्ञापत्र, गाइडचे प्रमाणपत्र आणि साम्य-अहवाल (मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो, याचा संगणकी अहवाल) जोडावा लागतो. आयोगाच्या 2018च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. एम.ए.पासून पुढच्या प्रबंधांत 10 ते 40 टक्के आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते, 40 ते 60 असेल तर वर्षभर सादरच करता येत नाही, आणि 60च्या वर नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची यात मोजत नाहीत. तपासणीचे लॉगिन बहुधा संस्थेकडे असते, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता एकेक प्रकरण गाइडकडून तपासून घ्या.

प्रत दिल्यावर कार्यालयाकडून शिक्क्याची पोच घ्या आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा होईपर्यंत ती जपून ठेवा.