पार्श्वभूमी : अस्थिमज्जेतून स्नायू घडतो का?

१९६१ साली बेडकाच्या स्नायूत, तंतूला बिलगून त्याच्या बाह्य आवरणाखाली बसलेल्या काही पेशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणू लागले. इजेनंतर नवे तंतू याच घडवत असाव्यात, हा त्या वेळी तर्कच होता.

तो पूर्ण सिद्ध होण्याआधीच उपचारांची घाई झाली. १९८९ मध्ये डिस्ट्रॉफिन हे स्नायूतंतू टिकवणारे प्रथिन नसलेल्या उंदरांना निरोगी मायोब्लास्ट (स्नायू घडवणाऱ्या अपक्व पेशी) टोचल्यावर ते प्रथिन तयार झाले. लगोलग नव्वदच्या दशकात ड्युशेन (डिस्ट्रॉफिनच्या अभावी स्नायू झिजवणारा आनुवंशिक आजार) झालेल्या मुलांवर तोच प्रयोग झाला. ताकद काही वाढली नाही. टोचलेल्या बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत मरत आणि उरलेल्या सुईच्या वाटेपासून फार दूर जात नसत.

अशा वेळी १९९८ चा निष्कर्ष आला : उंदरात अस्थिमज्जेतल्या पेशी रक्तावाटे जखमी स्नायूत पोचून नव्या तंतूंत सामील होतात. स्नायूगणिक सुई टोचायला नको, म्हणून आशा उसळली. निष्कर्ष खराच होता. पण अशा पेशी किती, हे कोणी फारसे विचारले नाही. २००२ मध्ये एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात विकारासाठी त्याचे वर्षाचा असतानाच मज्जारोपण झाले होते आणि बाराव्या वर्षी ड्युशेनचे निदान झाले. स्नायूचा तुकडा तपासला तेव्हा मज्जादात्याच्या पेशींची केंद्रके १ टक्क्याहूनही कमी तंतूंत सापडली. परकी मज्जा अंगात रुजून तेरा वर्षे झाली होती! माझ्या मते मज्जेचा दावा इथेच संपायला हवा होता.

सॅटेलाइट पेशींचे चित्र याच्या अगदी उलट. २००५ मध्ये उंदरात एकच तंतू रोपला, तर त्यावरच्या जेमतेम सात पेशींपासून शंभरावर तंतू उभे राहिले. २०११ मध्ये प्रौढ उंदरांतल्या या पेशी निवडून नष्ट केल्या, तेव्हा मज्जा शाबूत असूनही जखमी स्नायू भरून आला नाही.

भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मूलपेशींचे (मज्जेतल्यासारख्या, इतर पेशी घडवू शकणाऱ्या पेशींचे) रोपण रक्ताचे आणि तत्सम मान्य विकार वगळता केवळ परवानगी असलेल्या चाचण्यांपुरते ठेवले. तरी ड्युशेनसाठी मज्जेच्या पेशींची इंजेक्शने पैसे घेऊन दिली जातात आणि आईवडिलांना १९९८ चा निष्कर्ष सांगितला जातो, २००२ ची नोंद नाही.