काकांचे एक लाख आणि कार्बनचा हिशेब

"एक लाख रुपये इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या कंपनीत घातले, तर हवेतला कार्बन किती कमी होईल? दर साल दर शेकडा सांग."

प्रश्न आमच्या सोसायटीतल्या काकांचा. बँकेतून निवृत्त, आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताळेबंदावर पेन्सिलीने खुणा केलेल्या. सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून उतरताना एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या कुंपणापाशी त्यांनी तो विचारला, आणि जागाही नेमकी होती. १९६६ पासूनच्या या संस्थेत गाडी जागच्या जागी रोलरवर पळवतात आणि तिच्या नळकांड्यातून काय बाहेर पडतं ते मोजतात. इलेक्ट्रिक गाडीला नळकांडंच नाही, म्हणजे आकडा शून्य. बहुतेकांचा 'हरित' गुंतवणुकीचा विचार या शून्यापाशीच संपतो.

पण धूर नाहीसा होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. कोथरूडमधला धूर चंद्रपूरला जातो. महाराष्ट्राच्या सरकारी वीज कंपनीचं सगळ्यात मोठं औष्णिक वीजकेंद्र तिथे आहे, २,९२० मेगावॅटचं. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावरच तयार होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबानुसार एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड निघतो.

आता स्कूटर घेऊ. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी स्कूटर म्हणजे किलोमीटरमागे ५१ ग्रॅम. तेल उपसणं, शुद्ध करणं, टँकरने आणणं हे धरलं की ६० च्या घरात. इलेक्ट्रिक स्कूटर भिंतीतल्या सॉकेटमधून किलोमीटरला साधारण ३५ वॅट-तास खाते. त्याचे २५ ग्रॅम, तारांमधली गळती धरून ३०. वीज कोळशाची असूनही निम्मं. कारण पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन वाया जाते. विजेची मोटर नव्वद टक्क्यांच्या आसपास कामाला लावते.

म्हणजे किलोमीटरमागे ३० ग्रॅमची बचत. कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन रोज ३० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, तर २७० किलो. स्कूटरची तीन युनिट वीज साठवणारी बॅटरी बनवताना, युनिटमागे ८० किलो धरले तर, २४० किलो आधीच खर्ची पडलेले असतात. हे 'कर्ज' वर्षभराच्या आत फिटतं. चार्जिंग रात्रीऐवजी दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, सौर वीज भरपूर असताना केलं तर आणखी लवकर.

मोटारीचं गणित तितकं सोपं नाही. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल कार सगळं धरून किलोमीटरला १८५ ग्रॅम सोडते, तिची विजेवरची बहीण १२५. पण बॅटरी ३० युनिटांची, म्हणजे सुरुवातीलाच २,४०० किलोंचं कर्ज. ते फिटायला ४०,००० किलोमीटर लागतात. रविवारी सिंहगडावर जाण्यापुरतीच बाहेर निघणारी गाडी हे कर्ज फेडता फेडता म्हातारी होईल. भेकराईनगरच्या डेपोतून सुटणारी पीएमपीची इलेक्ट्रिक बस (२०१९ पासून त्या धावताहेत) बॅटरी कितीतरी मोठी वागवते, पण दिवसभर भरून पळते. माझ्या लेखी कार्बनच्या तराजूत आधी बस, मग स्कूटर आणि शेवटी मोठी एसयूव्ही. जाहिरातींचा क्रम नेमका उलटा असतो.

इथवर काकांना पटलं. "पण मी गाडी घेत नाहीये," ते म्हणाले, "शेअर घेतोय."

इथेच गंमत आहे. शेअर बाजारातून घेतला तर पैसे कंपनीकडे जात नाहीत, तो शेअर विकणाऱ्याकडे जातात. कारखान्यात एक नट-बोल्टही जास्त बसत नाही. कंपनीच्या तिजोरीत पैसा जातो तो पहिल्या विक्रीत, हक्कभागात (जुन्या भागधारकांना देऊ केलेल्या नव्या शेअरांत) किंवा रोख्यांत. बाकी वेळी परिणाम होतो तो अप्रत्यक्ष. पुष्कळ लोकांनी मागणी केली, भाव वर राहिला, तर कंपनीला पुढचं भांडवल स्वस्तात मिळतं. एका लाखाने हे होत नाही.

शिवाय शेअर सुटा मिळत नाही. आकुर्डीत बनणारी चेतक आवडली म्हणून बजाज ऑटोचा शेअर घेतला, तरी चाकणची पल्सर सोबत येतेच. रांजणगावच्या नेक्सॉन ईव्हीवर जीव जडला, तर टाटांच्याच मालकीची लँड रोव्हरही पदरात पडते. निव्वळ विजेच्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आहेत, पण तिथे जोखीम वेगळी. अमेरिकेतली फिस्कर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, स्वीडनची बॅटरीवाली नॉर्थव्होल्ट २०२५ मध्ये. तंत्रज्ञान जिंकतं म्हणून ते बनवणारा जिंकतोच असं नाही. थिओडोर राइट या अमेरिकी अभियंत्याने १९३६ मध्ये विमानांच्या बाबतीत दाखवलं होतं, की एकूण उत्पादन दर वेळी दुप्पट झालं की नगामागचा खर्च ठरावीक टक्क्यांनी उतरतो. बॅटरीचंही तेच झालं. २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर असलेली किंमत २०२४ पर्यंत सव्वाशेच्याही खाली आली. ही स्वस्ताई ग्राहकाच्या खिशात पडते, स्पर्धेत दमलेल्या उत्पादकाच्या पडेलच असं नाही.

मग 'ईएसजी'चा, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांच्या गुणांचा, शिक्का बघून फंड घ्यावा? मे २०२२ मध्ये एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाच्या ईएसजी आवृत्तीतून टेस्लाला वगळलं आणि तेलवाली एक्सॉनमोबिल आत राहिली. ऐकून काकांनी चष्मा काढला. पण असे गुण कार्बनचे नसतात. कामगारांना मिळणारी वागणूक, कारभार, अपघातांची हाताळणी हे सगळं त्यात कालवलेलं असतं. बॅटरीसाठी लागणाऱ्या कोबाल्टच्या काँगोतल्या खाणीही त्यातच येतात, आणि यायलाच हव्यात. मुळशीच्या धरणाची वीजही स्वच्छच होती, तरी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मावळे धरणात जाणाऱ्या जमिनीसाठी आडवे झाले होते.

तरी काकांना आकडा हवाच होता, म्हणून कार्बनचे हिशेबनीस लावतात ती वाटणीची पद्धत लावली: आपली रक्कम भागिले कंपनीचं एकूण मूल्य, गुणिले कंपनीमुळे झालेली बचत. समजा कंपनी एक लाख कोटींची आहे आणि वर्षाला दोन लाख इलेक्ट्रिक स्कूटर विकते. प्रत्येक स्कूटर आठ वर्षं हिंजवडीला गेली, तर बॅटरीचं कर्ज वजा जाता १,९०० किलो वाचतात. एकूण ३ लाख ८० हजार टन. काकांचा वाटा कोटीत एक. उत्तर: ३८ किलो, एका वर्षाच्या विक्रीमागे. तेही प्रत्येक स्कूटर पेट्रोलच्या स्कूटरऐवजी घेतली गेली असं मानून. ती बसऐवजी किंवा (एके काळी सायकलींचं होतं या शहरात) सायकलऐवजी आली असेल, तर बचत उणे. शिवाय ही कागदावरची वाटणी झाली. काकांनी शेअर घेतला नसता, तरी स्कूटर तितक्याच विकल्या गेल्या असत्या.

"आणि तेच लाख घालून स्कूटरच घेतली तर?"

सुनेने चालवली तर वर्षाला २७० किलो, ती रोज हिंजवडीला जाते. स्वतः काकांनी घेतली तर? ते मंडईपर्यंत, वर्षाकाठी दीड हजार किलोमीटर. बचत ४५ किलो, बॅटरीचं कर्ज फिटायला पाच वर्षांच्या वर. त्यांच्या जुन्या स्कूटरने कार्बनचं फार काही बिघडत नाही हे ऐकून ते खूश झाले. "आणि डिव्हिडंड कोण देणार, सून?" हेही विचारून झालं.

शेवटी शेअर त्यांनी घेतलेच, थोडे. त्यांच्यातला तपासनीस जागा झाला तो त्यानंतर. सेबीच्या नियमाने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरण-समाजाचा अहवाल द्यावा लागतो. त्यात उत्सर्जनाचे तीन भाग: कारखान्याचा स्वतःचा धूर, विकत घेतलेली वीज, आणि तिसऱ्यात पुरवठादारांपासून विकलेल्या गाडीच्या आयुष्यभराच्या धावेपर्यंत सगळं. वाहन कंपनीचा बहुतेक कार्बन या तिसऱ्या भागात असतो, आणि भरणं ऐच्छिक आहे तेही नेमकं त्याच भागाचं.

परवा काका तो अहवाल छापून टेकडीवर घेऊन आले. तिसऱ्या भागाच्या कोऱ्या रकान्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं. कंपनीची वार्षिक सभा ऑनलाइन असते, भागधारकाला नाव नोंदवून बोलता येतं. त्यांनी नाव नोंदवलंय. प्रश्न मराठीतच विचारणार म्हणतात.