डिशची दिशा सूर्याला विचारा

साखर पेठ असो नाहीतर जुळे सोलापूर, कुठल्याही गच्चीवर चढा. सगळ्या डिश साधारण एकाच बाजूला तोंड करून बसलेल्या दिसतील, आग्नेयेकडे. जरा नीट बघितलं तर आणखी एक गोष्ट खटकते. त्या आकाशाकडे बघतायत असं वाटतच नाही. समोरच्याच्या पाण्याच्या टाकीवर नजर ठेवून बसल्यासारख्या दिसतात. खरं तर त्यांचा उपग्रह बराच वर असतो. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ घेतला, तर सोलापुरातून तो क्षितिजापासून सुमारे ६१ अंशांवर आहे.

मग डिश इतकी खाली का झुकलेली? कारण घरगुती डिश हा मोठ्या पॅराबोलाचा (समोरून आलेल्या लहरी एका बिंदूत गोळा करणाऱ्या खोलगट आकाराचा) मधला भाग नसतो, बाजूचा कापलेला तुकडा असतो. मधला भाग वापरला तर एलएनबी, म्हणजे डिशपुढच्या दांडीवरचा लहरी पकडणारा डबा, नेमका वाटेत येतो आणि स्वतःचीच सावली ताटलीवर पाडतो. बाजूचा तुकडा घेतला की एलएनबी दांडीवर खाली, वाटेबाहेर राहतो. त्याचा परिणाम असा, की ताटली जिकडे तोंड करून दिसते त्याहून साधारण २५ अंश वरून आलेल्या लहरी ती एलएनबीवर गोळा करते. म्हणजे उपग्रह ६१ अंशांवर असला तरी ताटली जेमतेम ३६ अंश वर बघताना दिसते. क्लॅम्पवरच्या अंशांच्या पट्टीत हा फरक बहुधा आधीच धरलेला असतो. तेव्हा पट्टीवर ६१ लावायचे आणि ‘अजून वर पाहिजे’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला चहा पाजून खाली पाठवायचं.

हे आकडे येतात भूगोलातून. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर एक फेरी पुरी व्हायला पृथ्वीच्या एका गिरकीइतकाच वेळ लागतो, म्हणून ते आपल्याला एका जागी खिळल्यासारखे वाटतात. जीसॅट-१५ आहे ९३.५ अंश पूर्व रेखांशावर; सोलापूर ७५.९ पूर्व आणि १७.७ उत्तरेला. उपग्रह आपल्या दक्षिणेला आणि पूर्वेला. हिशेब केला तर दिशा निघते उत्तरेपासून १३४ अंश, म्हणजे जवळजवळ नेमकी आग्नेय. ८३ अंशांवरच्या उपग्रहावरून येणारी सेवा घेतली असेल, तर डिश दक्षिणेकडे जास्त वळते, १५८ अंशांवर, आणि उंची होते ६८ अंशांच्या आसपास. एकाच गच्चीवरच्या दोन डिश थोड्या वेगळ्या बाजूला बघत असतील, तर त्यातली एक चुकलीय असं समजायचं कारण नाही.

आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातल्या काही खेड्यांनी हा प्रकार फार आधी बघितलाय. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून देशातल्या सुमारे २,४०० गावांना टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. तिथल्या डिश होत्या तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या. जाळीची भोकं लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असली, की लहरीच्या लेखी ती सलग पत्राच. तेव्हाची लहर ३५ सेंटिमीटरची होती. आजची अडीच सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणून आजच्या डिशला पोचा आलेला चालत नाही. धूळ मात्र खुशाल चालते. फडक्यानं घासून लख्ख केल्यानं सिग्नल वाढल्याचा जो अनुभव लोक सांगतात, त्यात बहुतेकदा घासताना डिश हललेली असते.

दिशा शोधायला मोबाईलमधलं होकायंत्र आहेच, पण लोखंडी खांब, पत्रे आणि स्लॅबमधल्या सळया यांच्या संगतीत ते सहज दहा-वीस अंश भरकटतं. सूर्य भरकटत नाही. दर वर्षी १२-१३ मार्चच्या सुमारास सकाळी साधारण सव्वाअकराला, आणि सप्टेंबर संपता संपता अकराच्या थोडं आधी, सोलापुरातून बघताना सूर्य जीसॅट-१५ च्या बरोबर पाठीमागे येतो. तेव्हा डिशवर ज्या कशाची सावली पडेल, मग ते कडुलिंबाची फांदी असो की शेजारची भिंत, ते सिग्नलच्या वाटेत आहे. सावली नसेल तर वाट मोकळी. विषुवदिनाच्या आठवडाभर आधी किंवा नंतर हे घडतं, कारण आपण उत्तरेकडून बघतो आणि उपग्रह आपल्याला विषुवदिनाचा सूर्य ज्या रेषेवरून जातो तिच्यापेक्षा तीन अंश खाली दिसतो. त्या चार-सहा दिवसांत काही मिनिटं चित्र फाटतं किंवा जातं, कारण सूर्यही रेडिओ लहरी फेकतो आणि उपग्रहाचा क्षीण सिग्नल त्यात बुडतो. तेव्हा पाना घेऊन वर जायची गरज नाही.

इतर दिवशी निदान दिशा तरी मिळते. डिसेंबरच्या अखेरीस सकाळी ९ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास सूर्य याच दिशेला असतो, फक्त खाली. त्या वेळी खांबाची सावली आणि एलएनबीच्या दांडीची सावली गच्चीवर एका सरळ रेषेत आली, तर डिशची दिशा बरोबर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र हा उपाय विसरा. तेव्हा दुपारचा सूर्य सोलापूरच्या उत्तरेकडून जातो आणि आग्नेयेला फिरकतच नाही.

एवढ्या उंचीवरचा उपग्रह ही आपली चैन आहे. डिशपेक्षा पाच मीटर उंच भिंतसुद्धा पावणेतीन मीटरच्या पलीकडे असली तर आड येत नाही. लंडनमध्ये लोकांच्या डिश जिकडे बघतात तो उपग्रह जेमतेम २५ अंशांवर आहे. तिथं तीच भिंत दहा-अकरा मीटर लांब लागते.

आता पाना. आधी खांबाला ओळंबा लावा. खांब तिरका असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही बदलत राहते आणि दोन्ही कधीच एकदम जुळत नाहीत. मग उंची पट्टीवर लावून डिश बाजूला फिरवायची, अगदी थोडी थोडी. ६० सेंटिमीटरच्या डिशचा काठ अर्धा सेंटिमीटर सरकला की नजर एक अंश हलली, आणि दीड अंशाला निम्मा सिग्नल गेला. एक जण गच्चीवर, एक टीव्हीपुढे, आणि जिन्यातून “आलं का बे?”, “थांब, गेलं!” हा संवाद. त्यात गडबड अशी होते, की बॉक्सला सिग्नल पकडायला काही सेकंद लागतात आणि खालचा माणूस बोलेपर्यंत वरचा पुढं सरकलेला असतो. हलवा, हात काढा, थांबा.

खालच्यानं स्क्रीनवरची क्वालिटीची पट्टी बघायची, स्ट्रेंग्थची नाही. गड्ड्याच्या जत्रेत आवाजाला तोटा नसतो, पण आपल्या माणसाची हाक कळेलच असं नाही. जीसॅट-१५ च्या एका अंगाला ९५ अंशांवर आणि दुसऱ्या अंगाला ९१.५ वर दुसरे उपग्रह आहेत. त्यातल्या एकाकडे डिश वळली तर स्ट्रेंग्थ भरभरून येते आणि क्वालिटी शून्यावर. क्वालिटी आली की मग एलएनबी त्याच्या पकडीत दोन्हीकडे थोडा फिरवून बघा. लहरी आडव्या की उभ्या हे तो बॉक्सकडून येणाऱ्या १३ किंवा १८ व्होल्टवरून ठरवतो, पण तो स्वतःच वाकडा बसला असेल तर दोन्हींची मिसळ होते.

चित्र दिसायला लागलं की बहुतेक जण खाली उतरतात. निरभ्र आकाशात काठावर पास झालेली डिश सप्टेंबरच्या पहिल्या मोठ्या सरीत नापास होते, कारण पावसाचे थेंब याच लहरी शोषतात आणि विखुरतात, आणि डिजिटल चित्र अंधूक होत नाही, एकदम जातं. म्हणून पट्टी सगळ्यात वर जाते ती जागा ओलांडून दोन्ही बाजूंना जायचं, दोन्हीकडे ती उतरते त्या जागा बघायच्या आणि त्या दोन्हींच्या मध्यावर परत यायचं. नट एका दमात आवळू नका, डिश सरकते. आलटून पालटून, दर वळशाला खाली विचारत.